मी, अभयला तोलणारा काटा

मी काटा बोलतोय. गुळाच्या ढेपा तोलायचा जुना काटा, लोखंडी दांडीचा, दोन पितळी पारड्यांचा. हल्ली वजन म्हटलं की लोकांना ती काचेची चपटी पाटी आठवते. तिच्यावर उभं राहायचं, आकडा बघायचा आणि "बिघडलाय वाटतं" म्हणून उतरायचं. मी त्या जातीतला नाही. माझ्या दांडीवर वजनमापवाल्यांचे शिक्के आहेत, आणि इतक्या वर्षांत एकाही साहेबाला माझ्यात खोट सापडली नाही. आयुष्यात एकदाच माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं गेलं, तेच सांगायला बसलोय. ऐकायचं असेल तर ऐका. नसेल तर आज मुलाच्या डब्यात काय भरून दिलंय ते आठवत बसा, तेही काही कमी करमणुकीचं नाही.

मला बोहरी आळीतल्या एका दुकानात जोडलं. मांजरी गावचे एक गुऱ्हाळवाले आले, त्यांनी माझी दांडी बोटावर झुलवून बघितली, पारड्यात दोन्हीकडे सारखी मापं टाकली, आणि मी हललो नाही हे पाहून मला विकत घेतलं. त्यांचा मुलगा रंगराव तेव्हा चड्डीत होता. घरी जाताना तो बैलगाडीत माझ्या पारड्यात बसून गेला. कोवळा, किडकिडीत पोरगा होता, गुऱ्हाळावर दिवसभर पळायचा.

पुढची कितीतरी वर्षं माझी सुखात गेली. काहिलीत रस आटायचा, गूळ थंड व्हायचा, ढेपा माझ्यावर चढायच्या आणि भवानी पेठेच्या बाजारात रवाना व्हायच्या. ढेप काही मला लाजायची नाही, श्वास रोखून धरायची नाही, चपला काढून ठेवायची नाही. जेवढी असेल तेवढी भरायची. माणसांचं वजन करायची वेळ माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि आली नसती तर बरं झालं असतं.

मग मांजरीच्या उसात खुणेचे दगड आले. दगडांमागून बारा मजली इमारती आल्या. रंगरावांनी जमीन दिली, गुऱ्हाळ मोडलं, उरलेल्या तुकड्यावर बंगला बांधला आणि दारात दोन गाड्या लावल्या. मला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकलं. तिथे माझ्यावर रिकामी पोती होती, पोत्यांवर मांजरीण होती. गुऱ्हाळावरचा हमाल बाबुराव तेवढा राहिला. त्याला मालकांनी गेटवर खुर्ची दिली. तो कधीमधी शेडमध्ये यायचा, माझ्या दांडीवर हात फिरवायचा आणि विडी ओढून निघून जायचा.

मला बाहेर काढलं ते एका नवसाने. रंगरावांच्या थोरल्या मुलाला, सुदर्शनला, लग्नानंतर आठ वर्षं मूल नव्हतं. त्याची बायको नम्रता विश्रांतवाडीची. तिने डॉक्टर केले, उपास केले, सासऱ्यांचे टोमणे ऐकले. शेवटी रंगरावांनी भैरवनाथाला नवस बोलला. नातू झाला तर तो बारा वर्षांचा होईपर्यंत दर वाढदिवसाला त्याच्या भारंभार गूळ वाहीन. नात झाली तर काय, ते रंगरावांनी बोलून दाखवलं नाही आणि देवानेही विचारलं नाही. नातूच झाला. नाव ठेवलं अभय.

पहिल्या वाढदिवसाला मला चिंचेने घासलं, दांडीला सोनेरी रंग दिला, साखळ्यांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या आणि देवळापुढच्या मंडपात टांगलं. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. शेडमधल्या मांजरिणीनंतर हा मान मोठाच होता. एका पारड्यात गुळाची एक ढेप, दुसऱ्यात काजळ लावलेलं रडकं बाळ. दहा किलो. माझा काटा मधोमध उभा राहिला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी त्या घरात सगळं ठीक होतं, आणि मला वाटतं तो शेवटचा तसा वाढदिवस.

तुला झाल्यावर मला पुन्हा शेडमध्ये नेलं नाही. बंगल्याच्या पोर्चमध्ये, पाहुण्यांच्या नजरेत येईल अशा जागी, शोभेला म्हणून टांगून ठेवलं. तिथून मला त्या घराचं सगळं दिसायचं आणि ऐकू यायचं. पोर्चमध्ये चपला काढताना माणसं जे बोलतात ते दिवाणखान्यात बोलत नाहीत.

रंगरावांना एक खोड होती. तुला झाली की ते स्वतः माइक हातात घ्यायचे. "गेल्या वर्षाला सव्वीस भरला हुता, यंदा एकतीस!" मंडपात टाळ्या. पुढच्या वर्षी एकोणचाळीस, जास्त टाळ्या. मग अठ्ठेचाळीस. त्यांच्या मनात हळूहळू एक हिशेब पक्का झाला की आकडा वाढला म्हणजे देव प्रसन्न आहे, आणि आकडा घटला तर देव कुठेतरी रुसलाय. देवाने असं कुणाला सांगितल्याचं माझ्या कानावर नाही. पण घरात तो नियम झाला. तुलेच्या आधीचा महिना हा अभयला खाऊ घालण्याचा महिना ठरला. डिंकाचे लाडू, लोण्याचा गोळा, रात्री साय घातलेलं दूध. उरलेले अकरा महिने काही उपास नव्हते. शाळेतून आल्याबरोबर क्रीमरोल, संध्याकाळी गाडीवरचा वडापाव, आणि दोन दिवसांआड एक मोटारसायकलवाला चौकोनी खोकं घेऊन दारात उभा. अभय जेवताना रडायचा तेव्हा नम्रता त्याच्या हातात मोबाईल द्यायची. तो बघत राहायचा, ती भरवत राहायची. पोर जेवलं की तिला त्या दिवसापुरतं आपण बरी आई आहोत असं वाटायचं. आठ वर्षं टोमणे खाल्लेल्या बाईला तेवढं पुरायचं.

सुदर्शन बांधकामाच्या ठेकेदारीत होता. तो मुलाला रविवारी बघायचा. बघितला की त्याच्या पोटावर टपली मारून "काय पैलवान!" म्हणायचा. अभय तालमीत कधी गेला नाही. गेटपासून रिक्षापर्यंत चालला की त्याला धाप लागायची.

दहाव्या वाढदिवसाला नम्रताने वर्गातली सगळी मुलं बोलावली. मंडपात पुढच्या रांगेत मुलं बसली होती. अभय नवी शेरवानी घालून माझ्या पारड्यात बसला, पारडं धाडकन जमिनीला टेकलं आणि मुलं हसली. बाबुराव दुसऱ्या बाजूला ढेपा रचत गेला. रंगरावांनी माइकवर सांगितलं, "अडुसष्ट किलो! धा वर्साचं पोरगं हाय, अडुसष्ट किलो!" त्या मुलांपैकी बहुतेक तीस-बत्तीसची होती. दुसऱ्या दिवसापासून शाळेत अभयचं नाव ढेप पडलं. नाव अगदी चपखल होतं, एवढं मला कबूल करावं लागेल. मलाही तेव्हा हसू आलं. साठ वर्षं ढेपा तोलल्यात मी, आणि एवढी मोठी कधी पाहिली नव्हती.

ते हसू मी अजून विसरलेलो नाही.

त्याच सुमारास त्याच्या मानेवर मागच्या बाजूने काळा पट्टा उमटला. नम्रता रोज आंघोळीला डाळीचं पीठ आणि लिंबू घेऊन त्याची मान घासायची. पोर्चपर्यंत त्याचं ओरडणं यायचं. "आई, मळ नाहीये तो! जात नाहीये!" ती म्हणायची, "मळ नाही तर काय आहे? शाळेत बायका बघतात, मला नावं ठेवतात." मान लाल झाली, सोलली, काळीच राहिली.

मग शाळेत तपासणी झाली. शैला नावाच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी घरी चिठ्ठी पाठवली की मुलाचं वजन वयाच्या मानाने दुपटीहून जास्त आहे, मानेवरचा काळेपणा मळ नाही, आतल्या बिघाडाची खूण आहे, साखर लगेच तपासा. नम्रताने ती चिठ्ठी पोर्चमध्येच सासऱ्यांना वाचून दाखवली.

"साखर?" रंगराव हसले. "म्हाताऱ्यांचा आजार हाय तो. माझी न्हाय वाढली अजून, ह्या पोराची वाढंल? त्या बाईंला स्वतःचं पोरगं न्हाय वाटतं."

"आबा, त्या डॉक्टर आहेत."

"आन् मी आजा हाय."

त्यांनी चिठ्ठी घेतली, उलटी केली आणि तिच्या पाठीवर गुळाच्या व्यापाऱ्याचा फोन नंबर लिहून घेतला. नम्रता आत गेली. तिला बोलायला हवं होतं, हे तिलाही माहीत आहे. मी सांगायची गरज नाही.

अकराव्या वर्षी एक गोष्ट सुरू झाली, जी फक्त मला माहीत होती. संध्याकाळी रंगराव देवळाच्या कट्ट्यावर गेले आणि नम्रता स्वयंपाकघरात असली की अभय हळूच पोर्चमध्ये यायचा. माझ्या एका पारड्यात वीसवीसची तीन मापं, मग पाच, दोन, एक अशी ठेवायचा आणि दुसऱ्यात स्वतः बसायचा. कुठलं पारडं खाली जातं ते बघायचा. उतरायचा, एखादं माप काढायचा, परत बसायचा. एवढ्यातच घामाघूम व्हायचा. पहिल्या दिवशी सत्तर किलो भरला. तो साखळीला धरून बसून राहिला आणि मला म्हणाला, "ए, तू तरी जरा कमी दाखव ना."

मला कमी दाखवता येत नाही. माझी ती शिकवण नाही. दुसरं कुणी त्याच्याशी खरं बोलत नव्हतं आणि मी बोलत होतो, याचा त्या वेळी मला अभिमानही वाटला.

नोव्हेंबरात आकडा उतरू लागला. अडुसष्ट. सहासष्ट. अभय पारड्यातून उतरला आणि त्याने जागच्या जागी एक उडी मारली. मी त्याला उडी मारताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. डिसेंबरात चौसष्ट, मग बासष्ट. त्याने काही केलं नव्हतं. खाणं उलट वाढलंच होतं. पण हा प्रश्न त्याला पडला नाही. त्याची चड्डी सैल झाली होती, एवढं त्याला पुरेसं होतं. शाळेत एका मुलाने त्याला त्या दिवशी अभय म्हणून हाक मारली म्हणे. ते सांगायला तो माझ्याकडे आला, दुसरं कुणी नव्हतं सांगण्यासारखं.

"कुणाला बोलू नकोस हां," तो म्हणाला. "आबांना कळलं तर परत लाडू चालू करतील."

सांगताना तो पाणी पीत होता. एक बाटली संपवून दुसरी. तिसरी आणायला आत गेला, मग मोरीकडे पळाला, आला, पुन्हा पाणी. मी ते बघत होतो. तरीही, तुम्हाला खरं सांगतो, मला आनंदच झाला होता. मला वजन कळतं. वजन कुठल्या वाटेने चाललंय ते मला कळत नाही. घरातल्या माणसांना डोळे होते, त्यांना तरी कळायला हवं होतं.

जानेवारीत नम्रता एकदा बाबुरावाला म्हणाली, "बाबुराव, दुकानातून मुंग्यांचा खडू आणा हो. अभयच्या बाथरूममध्ये मुंग्यांची रांग लागते रोज. कितीही धुतलं तरी येतात."

रंगराव झोपाळ्यावर पेपर वाचत होते. "गुळवाल्याचं घर हाय सूनबाई," ते म्हणाले, "मुंग्या यायच्याच." आणि स्वतःच्याच बोलण्यावर बराच वेळ हसत राहिले.

बाबुरावाने खडू आणला. रेघ ओढली. मुंग्या मेल्या. चार दिवसांनी दुसऱ्या आल्या, त्यांच्यासाठीही रेघ ओढली.

फेब्रुवारीत वाढदिवस. आठ दिवस राहिले असताना रंगरावांनी शिंप्याकडून आलेली शेरवानी अभयला घालून बघितली. माप गेल्या वर्षीच्या शेरवानीपेक्षा वाढवून दिलं होतं. ती अंगावर लोंबायला लागली. गळ्याजवळ दोन बोटं सहज आत जात होती. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "हे काय? हे पोरगं वाळलं कसं?"

नम्रताने तोपर्यंत ठरवलं होतं. शाळेतून आला की मुलगा दप्तरासकट कोचावर झोपतो, रात्री चारदा उठतो, डोळे खोल गेलेत, हे तिला दिसत होतं. "मी लॅबवाल्यांना फोन केलाय," ती म्हणाली. "उद्या सकाळी घरी येऊन रक्त घेतील."

"तुलेच्या आधी?" रंगराव ओरडलेच. "तुलेच्या तोंडावर पोराचं रगत काढायचं? आधीच घटलंय ते, त्यातनं बाटल्या भरून काढा आजून! अन् देवाचं काम तोंडावर आल्यावर आंगाला सुई लावत न्हाईत आपल्यात."

"आबा, बाटल्या नाही काढत. एवढंसं घेतात. शाळेतल्या डॉक्टरांनीही—"

"सुदर्शन, सांग तिला."

सुदर्शन गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा होता. त्याने वडिलांकडे पाहिलं, मग बायकोकडे. "अगं, रविवारी तुला आहे. सोमवारी करू ना. आठ दिवसांत काय होतंय?"

नम्रताने लॅबला फोन करून सोमवार घेतला. मी ऐकलं. "हो, सोमवारी सकाळी आठ," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या आठ दिवसांत रंगरावांनी घर डोक्यावर घेतलं. खारीक-खोबरं, गुळाचा शिरा, आणि गेटपाशी रसवंतीवाल्याला उभा करून उसाचा रस. अभयला तहान लागलेलीच असायची. तो रस मागून मागून प्यायचा. "बघा, कसा घटाघटा पितोय," म्हातारा सगळ्यांना दाखवायचा. मुलाला तहान लागत होती आणि आजोबा त्याला साखर पाजत होते, आणि दोघंही एकमेकांवर खूष होते. इतकी माया मी पूर्वी पाहिली नव्हती. माझ्यावर उपकार करा, तुमच्या घरातली मला दाखवू नका.

शनिवारी संध्याकाळी अभय शेवटचा माझ्याकडे आला. मापं त्याला दोन्ही हातांनी उचलावी लागली. अठ्ठावन्न. त्याने उडी मारली नाही. पारड्यातच डोकं साखळीला टेकून बसला. "उद्या आबा रागावतील का रे?" त्याने विचारलं. त्याचा श्वास जोरजोरात चालला होता, आणि तोंडाला नासक्या फळांसारखा गोडूस वास येत होता. तेवढ्यात बाबुराव आत आला. त्याने मापांची बेरीज केली आणि तो आकडा मालकाला सांगायला गेला. त्याला वाटलं, आपण चांगलं काम करतोय.

थोड्या वेळाने रंगराव बाबुरावाला घेऊन पोर्चमध्ये आले. अभयला तोवर आत नेलं होतं. म्हाताऱ्याने माझ्या मापांतलं दहाचं एक आणि दोनचं एक उचललं. "ही दोन सकाळी गादीखाली ठेव. पोराच्या पारड्यात. वरनं मखमल टाक."

"मालक, काटा खोटा होईल," बाबुराव म्हणाला.

"देवाला ठावं हाय पोरगं कसं हाय ते. लोकांला कशाला दावायचं?"

बाबुरावाने मापं घेतली.

रविवारी सकाळी मंडप भरला होता. लाल मखमलीखाली माझी स्वतःची दोन मापं लपवलेली, आणि त्यांच्यावर अभय. त्याला धरून आणून बसवावं लागलं. नम्रता म्हणत होती, "त्याला बरं नाहीये, आधी झोपू द्या." कुणीतरी म्हणालं, दोन मिनिटांचं काम आहे. ढेपा चढत गेल्या. सहा ढेपांना पारडं हललं नाही, सातव्या ढेपेला मी सरळ झालो. माझा काटा मधोमध उभा राहिला, अगदी प्रामाणिकपणे, आणि अख्ख्या गावासमोर खोटं बोलला. "सत्तर!" रंगरावांचा आवाज माइकवर फाटला. "सत्तर किलो! भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!"

गुलाल उडाला. अभय म्हणाला, "पाणी." ढोल वाजत होते. तो पुन्हा म्हणाला, "आई, पाणी." मी त्याच्या अगदी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. रंगरावांनी देवापुढचा पहिला गुळाचा खडा उचलला आणि नातवाच्या तोंडात घातला. अभयने तो गिळायचा प्रयत्न केला, मग ओकला, शेरवानीवर आणि मखमलीवर, आणि एका अंगावर कलंडला. माझं पारडं झोकांड्या खात राहिलं.

लोक म्हणाले, उपाशीपोटी बसवलं असेल. कुणी म्हणालं, दृष्ट लागली, एवढा आकडा माइकवर सांगायचा का. नम्रता ओरडली, "गाडी काढा!" आणि ते ओरडणं ऐकून सुदर्शन पहिल्यांदा खरोखर पळाला.

पुढचं मी पाहिलं नाही. बाबुराव त्यांच्याबरोबर गेला होता. त्याने ते नंतर पोर्चमध्ये ड्रायव्हरला सांगितलं, ते मी ऐकलं. दवाखान्यात बोटाला टोचलं तर यंत्राला आकडाच दाखवता येईना, एवढी साखर होती. डॉक्टरांनी पलंगावरच वजन केलं आणि म्हणाले, अठ्ठावन्न. तेव्हा रंगराव त्यांच्यावर धावून गेले. "तुमचा काटा बिघडलाय! सकाळीच सत्तर भरलंय पोरगं, हजार लोकांनी बघितलंय!" डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "आजोबा, हा किती दिवस पाणी पाणी करत होता?" नम्रता म्हणाली, "दिवाळीपासून."

सोमवारी सकाळी आठ वाजता लॅबची बाई पेटी घेऊन गेटवर आली. बाबुराव रात्रभर जागा होता. "अभय कुठे आहे?" तिने विचारलं. "उपाशीपोटी ठेवलंय ना त्याला?" बाबुरावाने तिला सांगितलं की पोरगं पहाटे गेलं. ती बाई गेटवरच्या वहीत आपल्या नावापुढे आल्याची वेळ लिहून परत गेली.

दहा दिवस माणसं येत होती. माझ्याखालीच चपला काढायची. रंगराव प्रत्येकाला सांगायचे, "पोराला शेवटपातुर काही कमी पडू दिलं न्हाय. जे मागंल ते दिलं." आणि येणारा मान हलवायचा. "खरंय, तुम्ही कसली कमी केली नाहीत." मग तो आत जाऊन चहा प्यायचा, दोन चमचे साखरेचा. एकालाही ते वाक्य तोंडात अडकल्यासारखं वाटलं नाही.

वर्ष फिरलं. अभयचा बारावा वाढदिवस आला. नवस बारापर्यंतचा होता. गुरुजींनी स्पष्ट सांगितलं की मूल गेलं, नवस संपला, आता काही वाहायची गरज नाही. पण रंगराव ऐकेनात. देवाचं राहिलं तर राहिलेल्यांना भोवेल, म्हणाले. मंडप नाही, माइक नाही, बंगल्याच्या पोर्चमध्येच तुला करायची. एका पारड्यात गूळ आणि दुसऱ्यात पोराच्या जागी मापं. नम्रता पायरीवर बसली होती. वर्षभरात तिने त्या घरात मोजकेच शब्द उच्चारले होते.

बाबुरावाने मापं लावली. वीस, वीस, दहा, पाच, दोन, एक. तिथे तो थांबला. अठ्ठावन्न.

"थांबलास का?" रंगराव म्हणाले. "सत्तर लाव. माझा नातू सत्तरचा हुता."

बाबुराव हलला नाही. त्याच्या पायाशी दहाचं दुसरं माप आणि दोनचं माप पडलेलं होतं. त्याने त्यांच्याकडे बोट दाखवलं. "मालक, ही दोन त्या दिवशी गादीखाली हुती. तुमीच ठिवाय लावली."

"गप ए."

"वरीस झालं गप हाय मी, मालक."

नम्रता उठली. "कुठल्या गादीखाली?" तिने विचारलं. सुदर्शनने वडिलांकडे पाहिलं, आणि या वेळी त्याने बायकोकडे बघायचं धाडस केलं नाही. नम्रताला कळायला फार वेळ लागला नाही. तिने वाकून दहाचं माप एका हातात घेतलं, दोनचं दुसऱ्या हातात, आणि ती झोपाळ्यापाशी गेली. रंगराव बसले होते. तिने दोन्ही मापं त्यांच्या मांडीवर ठेवली.

"आबा, एवढं तुमचं," ती म्हणाली. "बाकीचा माझा मुलगा होता."

मग तिने आतून एक पिशवी आणली आणि रिक्षा बोलावली. विश्रांतवाडीला, माहेरी. अजून परत आलेली नाही, येणारही नाही. म्हातारा ती बारा किलो मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत झोपाळ्यावर बसून होता. कुणी ती उचलायला पुढे झालं नाही. अठ्ठावन्न किलो गूळ तेवढा दुपारीच वाटला गेला. गूळ चांगला होता. घ्यायला आलेल्यांपैकी कुणीही नको म्हणालं नाही, आणि मुलं दोनदोनदा रांगेत उभी राहिली.

मी अजून तिथेच टांगलेला आहे. सोनेरी रंग उडालाय, पारड्यांवर हिरवट डाग पडलेत. लोकांना वाटतं वस्तूला पश्चात्ताप होत नाही. मला होतो. तो पोरगा रोज माझ्यात बसून घटत होता आणि मी त्याला शाबासकी देत होतो, आणि एकदा तर त्याला अडुसष्टचा पाहून मी हसलो होतो. तुम्हीही असे हसता. लग्नात, वाढदिवसाला, शाळेच्या दारात, दुसऱ्याच्या मुलाच्या गालाचा चिमटा काढून. माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. मूल गुटगुटीत दिसलं की कौतुक करायच्या आधी त्याची मान बघा, त्याची धाप ऐका, ते किती पाणी पितंय ते मोजा. माझ्यासारख्या आकडा सांगणाऱ्यावर विसंबून राहू नका.

आज सकाळी रंगराव माझ्यासमोर उभे राहून फोनवर बोलत होते. धाकटा मुलगा आनंद वारज्याला राहतो. त्याच्या बायकोला, रुपालीला, रात्री मुलगा झाला. म्हातारा कितीतरी महिन्यांनी हसला. "किती भरला?" त्याने विचारलं. पलीकडून आकडा आला, आणि त्याने फोन कानाला तसाच धरून माझ्या रिकाम्या पारड्यावर हात ठेवला.

भंगारवाला रोज अकरा वाजता या गल्लीतून ओरडत जातो. कृपा करून कुणीतरी त्याला आत बोलवा.